पतंगाला सातबारा कळत नाही

बीटी कपाशीच्या बियाण्याबरोबर वर्षानुवर्षे एक वेगळी पुडी यायची. मोठे पाकीट ४५० ग्रॅमचे, पुडी १२० ग्रॅमची. पुडीत साधी, म्हणजे बीटी नसलेली सरकी. नियम असा की, बीटी कपाशीच्या सभोवार या साध्या कपाशीच्या पाच ओळी लावायच्या, नाहीतर एकूण क्षेत्राच्या २० टक्के जागेत ती लावायची. दोहोंत जे जास्त भरेल ते. २००२ साली देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली ती या अटीसह. पुढे त्या पुडीचे काय झाले हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. कुणी ती बांधावर भिरकावली, कुणी नांग्या भरायला वापरली, कुणाच्या घरी ती वळचणीला तशीच पडून राहिली. लावली त्यांनी लावली, पण ते थोडे. पुडीवर बारीक अक्षरात काहीबाही छापलेले असे. ते वाचणार कोण आणि वाचून समजणार काय? दुकानदाराने सांगितले नाही, कृषी खात्याने सांगितले ते सभेपुरते, आणि कंपनीचा माणूस बोलला तो उत्पन्नाच्या आकड्यांबद्दल.

त्या पुडीमागे एक हिशेब होता. साधासुधा नव्हे, चांगला पन्नास-साठ वर्षे घासून-पुसून तयार झालेला हिशेब. एखादा जीव वेगवेगळ्या ठिकाणी कसा पसरतो आणि पसरता पसरता कसा बदलतो, हे आकड्यांत मांडण्याचे एक शास्त्र आहे. गुलाबी बोंडअळीने २०१७ साली महाराष्ट्रात जो घात केला, तो या शास्त्राला न कळलेला नव्हता. उलट त्याने कधीच सांगून ठेवले होते की अमुक केले नाही तर तमुक होईल. आपण अमुक केले नाही आणि तमुक झाले. म्हणून हा हिशेब शेतकऱ्यापुढे उघड्यावर मांडला पाहिजे. तो विद्यापीठाच्या कपाटात राहिला म्हणूनच तर पुडी बांधावर गेली.

आता बघा. समजा एका शिवारात दहा लाख पतंग आहेत. प्रत्येक जीवाजवळ एका गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. बीटीचे विष पचवण्याचा गुण फार दुर्मीळ, समजा हजार प्रतींत एक. मग दोन्ही प्रती विष पचवणाऱ्या असा पतंग किती? हजारात एक गुणिले हजारात एक, म्हणजे दहा लाखांत एकच. एक प्रत पचवणारी आणि दुसरी साधी असे सुमारे दोन हजार. बाकीचे नऊ लाख अठ्ठ्याण्णव हजार बिचारे साधे, त्यांच्या अळ्या बीटीचे बोंड खाल्ले की मरणार.

सगळे शिवार बीटीचे असेल तर काय होईल? पान-बोंडातले विष जोरदार असेल तर एकच प्रत असलेलेही मरतील. उरेल तो दहा लाखांतला एक. शिवारापुरता एक, पण तालुक्यात असे पंचवीस-पन्नास उरतील, आणि त्यांना जोडीदार मिळायचा तो आपल्यासारखाच, कारण दुसरे कुणी जिवंतच नाही. त्यांची सगळी पिल्लावळ विष पचवणारी. पुढच्या पिढ्यांना बीटी म्हणजे रोजची भाकरी.

आता त्याच शिवारात २० टक्के साधी कपाशी लावा. दहा लाखांतले दोन लाख त्या साध्या कपाशीवर वाढतील आणि जगतील. आठ लाखांच्या बीटीतून फार तर एक बाहेर पडेल. हा एक जोडीदार शोधायला निघाला की त्याच्या वाट्याला त्या दोन लाखांतलेच कुणीतरी येणार. मग त्यांची पिल्ले एक प्रत पचवणारी, एक साधी. ती बीटीच्या बोंडात शिरली की मरणार. एवढ्याने हजारातली एक प्रत हजारात एकच्या आसपासच राहते. अळीला आपण थोडी कपाशी खाऊ घातली, आणि त्या मोबदल्यात बियाण्याची ताकद टिकवली. पुडीचा अर्थ एवढाच. पाचवीच्या पोराला कळेल असे हे गणित, पण पाकिटावर ते कधी छापले गेले नाही.

या हिशेबात तीन अटी दडलेल्या आहेत. गुण मुळात दुर्मीळ पाहिजे. विष इतके जोरदार पाहिजे की एक प्रतवाले मेलेच पाहिजेत. आणि तिसरी, साध्या कपाशीतले पतंग बीटीतल्या पतंगांना भेटले पाहिजेत. पहिल्या दोन अटी बियाणे तयार करणाऱ्याच्या हातातल्या. तिसरी मात्र पतंगाच्या पंखांवर अवलंबून. तो किती लांब उडतो, कधी उडतो, मादी जोडीदाराला भेटण्याआधी उडते की भेटून झाल्यावर, यावर सगळा डोलारा उभा आहे.

जीव किती लांब जातो याचे गणित जुने आहे. १९३७ साली फिशर या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवले की, फायद्याचा एखादा गुण प्रदेशात लाटेसारखा पुढे सरकतो आणि त्या लाटेचा वेग काढता येतो. गंमत अशी की गुण चारपट फायद्याचा झाला तर वेग चारपट होत नाही, दुप्पटच होतो. १९५१ साली स्केलम याने मस्करॅट नावाच्या पाणउंदरांवर असेच गणित केले. हे प्राणी १९०५ साली युरोपात प्राग शहराजवळ सोडले गेले आणि तिथून चहूकडे पसरले. त्यांनी व्यापलेल्या प्रदेशाचे क्षेत्रफळ घेऊन त्याचे वर्गमूळ काढले, तर ते वर्षागणिक सरळ रेषेत वाढत गेलेले दिसले. म्हणजे हद्द दरवर्षी जवळजवळ सारख्या अंतराने पुढे गेली. शेतकरी म्हणेल, उंदराचा अन् कपाशीचा काय संबंध? संबंध इतकाच की पसरणारा जीव बेभरवशाचा वाटला तरी त्याच्या पसरण्याला हिशेब असतो.

आणखी एक नाव घेतले पाहिजे, जे. बी. एस. हाल्डेन यांचे. दोन वेगळ्या वस्त्या एकमेकींना लागून असतील, एकीत एक गुण उपयोगी आणि दुसरीत दुसरा, तर मधल्या पट्ट्यात काय होते, याचे गणित त्यांनी १९४८ साली मांडले. उदाहरण घेतले फ्लोरिडातल्या उंदरांचे. किनाऱ्याच्या पांढऱ्या वाळूत फिकट उंदीर, आतल्या गडद मातीत गडद उंदीर, आणि मध्ये दोन्हींची सरमिसळ. सरमिसळीचा पट्टा किती रुंद हे दोन गोष्टींवर ठरते: उंदीर किती भटकतात, आणि परक्या रंगाच्या उंदराला त्या मातीत किती मार बसतो. बीटी आणि साधी कपाशी याही अशाच दोन वस्त्या. हे हाल्डेन १९५७ साली इंग्लंड सोडून कोलकात्याला आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. म्हणजे ज्या गणिताची आपण पुडीसकट विल्हेवाट लावली, त्याचा एक कर्ता आपल्याच देशात राहून गेला. असो.

कीड आणि औषध यांना हे गणित नीट लागू झाले १९७७ साली. कॉमिन्स नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवले की, फवारलेल्या शेताशेजारी न फवारलेले रान असेल आणि तिथून कीड येत-जात असेल, तर औषध पचवण्याचा गुण वाढायला कितीतरी जास्त वेळ लागतो. बीटीचे पीक येण्याआधी जवळजवळ वीस वर्षांची ही गोष्ट. पुढे त्यात भर पडत गेली आणि एक मोठा बारकावा लक्षात आला. येणे-जाणे फार कमी असले तरी नुकसान, आणि फार जास्त असले तरी नुकसान.

कमी असले तर काय ते उघड आहे. साधी कपाशी गावाच्या या टोकाला, बीटी त्या टोकाला, अन् पतंग आपापल्या रानातच जोडीदार शोधतात. मग साधी कपाशी असून नसल्यासारखी. पण फार जास्त असले तर का बिघडावे? कारण साध्या कपाशीतून निघालेल्या माद्या सगळ्या शिवारभर पसरतात आणि आपली बहुतेक अंडी बीटीवर घालतात. ती पिल्ले मरतात. साध्या कपाशीतली पतंगांची शिल्लक हंगामागणिक आटत जाते. विहिरीतून उपसा जास्त अन् झरा बारीक असे झाले की विहीर कोरडी पडायचीच. तेव्हा आश्रयाचा पट्टा किती, हा अर्धाच प्रश्न. तो कुठे आणि किती तुकड्यांत, हा दुसरा अर्धा. त्याचे उत्तर प्रत्येक किडीला वेगळे. अमेरिकन बोंडअळी हरभऱ्यावर, तुरीवर, टोमॅटोवर, कशावरही पोट भरते. तिच्यासाठी आपल्या शिवारात पुडीशिवायच आश्रय होता. बीटीचा तिच्यावरचा वचक बराच टिकला, त्याला हेही एक कारण. गुलाबी बोंडअळीचे तसे नाही. तिला आपल्याकडे कपाशीशिवाय दुसरे घर जवळजवळ नाहीच. बांधावरची तूर तिच्या काही कामाची नाही. सगळी कपाशी बीटीची झाली त्या दिवशी तिच्यापुढे दोनच रस्ते राहिले, मरणे किंवा बदलणे. कोट्यवधींनी मेल्या, आणि उरलेल्या बदलल्या.

याच अळीची दुसरीकडची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात १९९६ साली बीटी कपाशी आली. दुसऱ्याच वर्षी, १९९७ साली, तिथल्या शास्त्रज्ञांनी अळ्या तपासल्या तर विष पचवणाऱ्या प्रतींचे प्रमाण शंभरात सोळा निघाले. कुठे हजारात एक अन् कुठे शंभरात सोळा! कागदावरच्या हिशेबाने दोन-चार हंगामांत खेळ संपायला हवा होता. संपला नाही. पुढच्या वर्षांत ते प्रमाण चढले नाही. कारण साधी कपाशी तिथे खरोखर लावली जात होती, आणि दुसरे असे की विष पचवणारी अळी साध्या कपाशीवर इतरांपेक्षा दुबळी ठरत होती. म्हणजे साधी कपाशी दुहेरी काम करत होती, साधे पतंग पुरवत होती आणि बदललेल्यांना मागे रेटत होती. गणितात ही गोष्ट धरली नव्हती. ती धरली, गणित सुधारले. गणिताकडून एवढेच मागायचे असते. ते चुकते तेव्हा कुठे चुकले ते सापडते. अंदाजपंचे दाहोदरसे बोलणाऱ्याचे तेही सापडत नाही.

पुढे २००६ पासून त्यांनी वेगळा डाव टाकला. प्रयोगशाळेत पतंग वाढवायचे, किरणोत्साराने त्यांना वांझ करायचे आणि विमानातून कपाशीवर सोडायचे. साध्या कपाशीचे काम हे वांझ पतंग करणार, म्हणून शेतकऱ्याला सगळेच क्षेत्र बीटीखाली लावायची मुभा दिली. २०१४ पर्यंत असे अकराशे कोटींहून जास्त पतंग सोडले. बीटी एकटे किंवा वांझ पतंग एकटे पुरणार नाहीत, दोन्ही एकत्र पुरतील, हे संगणकावरच्या हिशेबातूनही दिसले. २०१८ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने कपाशीच्या प्रदेशातून गुलाबी बोंडअळी नाहीशी झाल्याचे जाहीर केले. त्यांच्याकडे पैसा आहे, विमाने आहेत, शेते शेकडो एकरांची आहेत, हे सगळे खरे. पण मुख्य गोष्ट पैशाची नव्हती. त्यांनी अळीचा विचार एकेका शेतापुरता केला नाही, सगळ्या प्रदेशाचा मिळून केला. शेजारच्या उत्तर मेक्सिकोलाही सोबत घेतले, कारण पतंग सरहद्दीवर पासपोर्ट दाखवत नाही.

आता आपल्याकडे या. तीन अटींपैकी कोणती पाळली गेली? पुडी लावली नाही, तिसरी अट तिथेच मेली. दुसऱ्या अटीची कथा आणखी वाईट, आणि तिच्यात शेतकऱ्याचा काडीचाही दोष नाही. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात बीटी कपाशीचे सरळ वाण आहेत. आपल्याकडे आणले ते संकरित. दरवर्षी बियाणे विकत घ्यावे लागते म्हणून कंपन्यांना ते सोयीचे. संकरित झाडात बीटीच्या प्रत्येक गुणाची एकच प्रत असते. त्या झाडाच्या बोंडात जी सरकी धरते, तिच्यात हा गुण वाटला जातो. दोन गुणांच्या बियाण्यात १६ सरक्या मोजल्या तर हिशेबाने नवांत दोन्ही विषे, सहांत एकच, आणि एकात काहीच नाही. गुलाबी अळी तर सरकीच खाते, आणि एकीतून दुसरीत जाते. म्हणजे तिला कधी पूर्ण विष, कधी अर्धे, कधी काहीच नाही. अर्धवट डोसाने रोग मुरतो हे गावातला कोणताही डॉक्टर सांगेल. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हा मुद्दा पुन्हा पुन्हा मांडला. ऐकणाऱ्यांनी ऐकून घेतला, एवढेच.

त्यातच एका गुणाचे बियाणे २००२ पासून आणि दोन गुणांचे २००६ पासून. काही वर्षे दोन्ही शेजारी-शेजारी. कुलपे दोन लावायची ती एकदम लावायला हवी होती. चोराला आधी एकच कुलूप दिले, ते उघडायला शिकवले, मग दुसरे दिले. २०१० साली तंत्रज्ञान देणाऱ्या कंपनीनेच कबूल केले की गुजरातेत अळी पहिल्या विषाला दाद देत नाही. २०१४-१५ च्या सुमारास गुजरातेतच दुसरेही कुलूप खिळखिळे झालेले दिसले. २०१७ साली महाराष्ट्राची पाळी आली. बोंडे बाहेरून हिरवीगार, आतून सडलेली. वेचणीला मजूर लावावे तर कापूस कवडी, मजुरी अंगावर. कित्येकांनी उभ्या पिकात नांगर घातला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती सगळी फवारणी काही या एका अळीसाठी नव्हती. पण बीटी म्हणजे फवारणीतून सुटका, असे सांगून जे बियाणे विकले, त्याच्या पंधराव्या वर्षी माणसे पाठीवरच्या पंपाने मेली, हे विसरता येत नाही.

यावर नेहमीचे उत्तर तयार असते. शेतकऱ्याने पुडी लावली नाही, मग भोगा. या उत्तराला आमचा विरोध आहे, कारण ते अर्धे खरे आहे आणि अर्धे सोयीचे. पाच एकरवाल्याने एक एकर अळीला द्यायचे. नुकसान होणार ते त्याच्या घरी, फायदा होणार तो सगळ्या शिवाराला. शेजाऱ्याने पुडी फेकली तरी शेजाऱ्याला फायदा तेवढाच. मग लावणारा एकटा वेडा ठरतो. हा हिशेब शेतकऱ्याने पुडी हातात घेताक्षणीच केला, आणि तो चुकीचा नव्हता. चूक ती योजना आखणाऱ्यांची. त्यांनी पतंगाचे पंख मोजले, पण पुडी ज्याच्या हातात द्यायची त्याचा खिसा मोजला नाही. वीस टक्क्यांच्या नुकसानीची भरपाई गावाने किंवा कंपनीने द्यायची सोय केली असती तर चित्र वेगळे दिसले असते. शिवाय पुडीतली सरकी उगवत नाही, ती लवकर फुलते नाहीतर उशिरा फुलते, अशा तक्रारी जागोजागी होत्या. साधी कपाशी फुलायच्या वेळी बीटी फुलणार नसेल तर पतंग भेटणार कधी?

मात्र शेतकऱ्यालाही दोन शब्द ऐकवायला हवेत. फरदडीचे. डिसेंबरात शेवटची वेचणी करून पऱ्हाटी उपटायची सोडून, एखादे पाणी देऊन मार्चपर्यंत कपाशी उभी ठेवायची, दोन-चार क्विंटल जास्तीचा कापूस काढायचा. त्या दोन-चार क्विंटलांत अळीला किती पिढ्या मिळतात हे बघा. तिची एक पिढी साधारण महिन्याची. समजा प्रत्येक पिढीत ती पाचपट होते. चार पिढ्यांत एकाच्या सव्वासहाशे. सहा पिढ्यांत साडेपंधरा हजारांवर. दोन महिने जास्त म्हणजे पंचवीसपट अळी, आणि ती तुमच्या एकट्याच्या शेतात थांबत नाही. सुप्तावस्थेत पऱ्हाटीत, सडक्या बोंडांत, जिनिंगच्या सरकीत बसते आणि पुढच्या हंगामात गावभर निघते. एका वावरातल्या फरदडीने शंभर वावरांची पात्या-फुले जातात. यालाही जीवांच्या पसरण्याचे गणितच म्हणतात.

गणित आज काय सांगते तेही कडू असले तरी सांगायला हवे. आता नुसती पुडी लावून गंगा उलटी वाहणार नाही. वरचाच हिशेब पुन्हा करा, फक्त हजारात एक ऐवजी निम्म्या प्रती विष पचवणाऱ्या धरा. दहा लाखांत अडीच लाख पूर्ण पचवणारे. आठ लाखांच्या बीटीतून त्यांतले दोन लाख बाहेर पडणार, आणि साध्या कपाशीतूनही दोन लाखच. आता एकाला दोन लाख असा सामना नाही, दोन लाखांना दोन लाख असा आहे. आश्रयाचा पट्टा आजार होण्याआधीच्या लशीसारखा, अंगात मुरलेल्या आजारावरचे औषध नव्हे. पुढे बियाण्याच्या पाकिटातच पाच ते दहा टक्के साधी सरकी मिसळायची पद्धत आली. पुडी फेकायची सोयच उरली नाही, ही गोष्ट चांगली. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात असेच काहीसे झाले होते. तिथे बीटी आणि साध्या कपाशीच्या संकराची दुसरी पिढी बियाणे म्हणून विकली गेली, त्यात चारात एक झाड आपोआपच साधे निघायचे. २०१० ते २०१५ या काळात तिथे अळीचा वाढू लागलेला प्रतिकार खाली आला. पण त्यांनी अळी पूर्ण बदलायच्या आत हे केले, आणि साधी झाडे शंभरात पंचवीस होती. आपल्याकडे पाच-दहा, आणि तीही चोराने दोन्ही कुलपे उघडल्यावर.

मग उरते काय? अळीला उपाशी ठेवणे. मे-जूनमध्ये सुप्तावस्थेतून निघालेल्या पतंगाला पात्या, फुले दिसलीच नाहीत तर तो अंडी न टिकवता मरतो. म्हणूनच काही हंगामांत सरकारने जूनच्या आधी बियाणे विकायला बंदी घातली. तेव्हा धूळपेरणीवाले चिडले, बागायतदार चिडले. त्यांची अडचण खोटी नाही. पण उन्हाळी पाण्यावर लवकर लावलेली दहा एकर कपाशी पहिल्या पतंगांना घर देते, आणि तिथून जुलै-ऑगस्टमध्ये ते सगळ्या कोरडवाहू शिवारावर उतरतात. जिल्ह्याने तारीख ठरवायची तर सर्वांनी पाळायची, नाहीतर ठरवूच नये. अर्ध्या गावाने पाळलेली तारीख म्हणजे पुडीचीच दुसरी आवृत्ती.

गेल्या काही हंगामांत मादीचा गंध रानभर पसरवून नराला चकवायचे प्रयोगही महाराष्ट्रात झाले. गंधाचा दोर झाडाला बांधायचा किंवा मलम लावायचे. नराला मादी सापडत नाही, अंडी फलत नाहीत. उपाय विषारी नाही, फवाऱ्याचा नाही. पण तो एकट्या दोन एकरांत केला तर पैसे पाण्यात. शेजारच्या वावरात भेट उरकून आलेली मादी उडत येते आणि तुमच्या गंधाळलेल्या कपाशीवर खुशाल अंडी घालते. सलग मोठ्या क्षेत्रावर केला तरच कामाचा.

म्हणून आमची मागणी कृषी खात्याकडे आहे, आणि ती पुढचा हंगाम तोंडावर यायच्या आत आहे. बोंडअळीची योजना सातबाऱ्यावर आखणे बंद करा, ती शिवारावर आखा. पेरणीची पहिली तारीख आणि पऱ्हाटी उपटायची शेवटची तारीख ग्रामसभेत ठरू द्या, आणि ज्या गावाने ती पाळली त्या गावाला गंधाचे दोर, कामगंध सापळे अनुदानात आधी द्या. एकेका शेतकऱ्याला दोन-दोन सापळे वाटून फोटो काढायचे प्रकार पुरे झाले. जिनिंगच्या आवारात सापळे लावायची सक्ती करा, आणि उन्हाळ्यात तिथे सरकी उघड्यावर पडून राहिली तर मालकाला जाब विचारा. पाकिटातली साधी सरकी खरोखर पाच टक्के आहे का, ती उगवते का, बीटीबरोबर फुलते का, हे तालुकावार नमुने काढून तपासा आणि निकाल वर्तमानपत्रात द्या. कमी मुदतीच्या सरळ वाणांवर सरकारी संस्थांनी काम केले आहे. दीडशे दिवसांत घरात येणारा वाण कोरडवाहूला पुरतो, आणि अळीच्या शेवटच्या दोन पिढ्या आपोआप कापल्या जातात. तो वाण दुकानात का दिसत नाही, याचेही उत्तर द्या.

आणि नव्या गुणाचे बियाणे येणार, येणार, ही हाकाटी दर हंगामात उठते. येवो. पण त्याला परवानगी देण्याआधी त्याचा हिशेब मराठीत छापून गावागावांत गेला पाहिजे. किती साधी कपाशी धरली आहे, पतंग किती दूर जातो असे मानले आहे, संकरित झाडाच्या बोंडात विष कसे वाटले जाणार आहे, किती हंगाम टिकेल असे गणित म्हणते आणि टिकले नाही तर भरपाई कोण देणार. ज्याला हे लिहून द्यायची तयारी नाही त्याने बियाणे विकू नये.

तोवर गावाला स्वतः करता येण्यासारखे एक काम आहे, आणि त्याला परवानगी लागत नाही. शिवाराच्या चार दिशांना कामगंध सापळे लावायचे, शाळेतल्या मोठ्या पोरांना रोज सकाळी पतंग मोजायला सांगायचे, आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहायचा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की फवारणीचा विचार करायची वेळ आली, असे शास्त्रज्ञ सांगतात. तो फळा जूनपासून भरायला लागला पाहिजे.